दुसऱ्यांच्या कादंबऱ्या : रूथ प्रवर झाबवाला यांचे पटकथालेखन

एखाद्या कादंबरीवरून चित्रपट निघाला की आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो : चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक आहे का? 'माध्यमांतर' शिकवताना आम्हीही वर्षानुवर्षे हाच प्रश्न विचारत आलो, आणि विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत दोन रकाने आखून, डावीकडे कादंबरी व उजवीकडे चित्रपट मांडून, त्याची उत्तरे लिहीत आले. या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर एक माणूस बसलेला असतो, त्याचे नाव सहसा कुणी लिहीत नाही. 'सिंहासन' (१९७९) म्हटले की अरुण साधू आठवतात, जब्बार पटेल आठवतात. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांची मिळून एक पटकथा करणारे तेंडुलकर त्यानंतर आठवतात. तेंडुलकरांसारख्या नाटककाराची ही गत, तर केवळ पटकथाकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांविषयी काय बोलावे!

या मधल्या रेघेवर आयुष्याचा मोठा भाग काढलेल्या एका लेखिकेची वाटचाल येथे पाहावयाची आहे. रूथ प्रवर झाबवाला यांना १९७५ साली 'हीट अँड डस्ट' या कादंबरीसाठी बुकर पारितोषिक मिळाले, आणि पुढे फॉर्स्टरच्या दोन कादंबऱ्यांच्या पटकथांसाठी दोन ऑस्कर मिळाले. बुकर आणि ऑस्कर ही जोडी दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेली नाही. तरीही इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत त्या 'भारतावर लिहिणाऱ्या परदेशी कादंबरीकार' म्हणून येतात आणि चित्रपटांच्या इतिहासात मर्चंट–आयव्हरी या जोडनावाच्या सावलीत येतात. एकाच बाईची ही दोन अर्धी चित्रे शेजारी ठेवली तर काय दिसते, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यांचा जन्म १९२७ सालचा, जर्मनीतील कोलोन शहरातला. वडील पोलंडहून आलेले ज्यू वकील. १९३९ साली, युद्ध सुरू होण्याच्या काही महिने आधी, हे कुटुंब इंग्लंडला निसटले. मागे राहिलेल्या नातेवाइकांचे काय झाले हे युद्धानंतर कळले. चाळीसहून अधिक जण गेले होते. १९४८ साली वडिलांनी आत्महत्या केली. बारा वर्षांच्या वयात जर्मन भाषा सोडून इंग्रजीत आलेल्या या मुलीने लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील लघुकथेवर प्रबंध लिहिला, आणि १९५१ साली सायरस झाबवाला या पारशी वास्तुशिल्पज्ञाशी लग्न करून दिल्लीस आली. (जाता जाता : त्यांचे थोरले बंधू एस. एस. प्रवर ऑक्सफर्डला जर्मन साहित्याचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी भयपटांवर एक चांगले पुस्तक लिहिले. साहित्याकडून चित्रपटाकडे जाणारी वाट त्या घरात दोघांना सापडली, हे गमतीचे आहे.)

दिल्लीत त्या १९७५ पर्यंत राहिल्या. पहिली कादंबरी १९५५ साली आली आणि पुढच्या दहा वर्षांत आणखी पाच. या कादंबऱ्यांतील दिल्ली म्हणजे फाळणीनंतर नव्याने पैसा मिळवलेली पंजाबी कुटुंबे, कंत्राटदार, एकत्र कुटुंबात घुसमटणाऱ्या सुना, गरीब मास्तर. समीक्षकांनी जेन ऑस्टेनशी तुलना केली, जी अशा वेळी नेहमीच होते. १९६१च्या सुमारास मुंबईचे इस्माईल मर्चंट आणि अमेरिकन दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी 'द हाउसहोल्डर' या त्यांच्या कादंबरीवर चित्रपट काढण्याचे ठरवले. मर्चंट यांनी फोन केला तेव्हा रूथबाईंनी आपण त्यांच्या सासूबाई असल्याची बतावणी केली, ही आख्यायिका पुढे त्या तिघांनीही आनंदाने सांगितली. पटकथा कशी लिहितात हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या दोघांनाही कथापट काढण्याचा अनुभव नव्हता. १९६३ सालच्या या चित्रपटात शशी कपूर आणि लीला नायडू होते, छायाचित्रण सुब्रत मित्र यांचे होते, आणि नायकाच्या आईच्या भूमिकेत आपल्या दुर्गाबाई खोटे होत्या. चित्रपट तयार झाल्यावर सत्यजित राय यांनी त्याचे पुन्हा संकलन करून दिले. पहिल्याच पटकथेवर रायांची कात्री चालणे हे शिक्षण समजावे लागेल. लिहिलेला प्रसंग जागचा हलवता येतो, तोडता येतो, आणि तोडल्यावर त्याचा अर्थ पालटतो, हे कादंबरीकाराला सहसा कोणी असे हातात धरून दाखवत नाही.

त्यानंतरच्या 'शेक्सपिअरवाला' (१९६५) आणि 'बॉम्बे टॉकी' (१९७०) या पटकथा स्वतंत्र होत्या. 'बॉम्बे टॉकी'ची सुरुवात पुष्कळांना आठवत असेल. एका अवाढव्य टंकलेखन यंत्राच्या कळांवर हेलन आणि इतर नर्तकी नाचत आहेत असे एका हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे. या चित्रपटातली परदेशी पाहुणी कादंबरीकार आहे, आणि तिच्यावर प्रेम करणारा हरी हा कवी, पोटासाठी चित्रपट लिहिणारा. लेखकाच्या कळा दुसऱ्याच कुणाच्या पायांखाली वाजताहेत, ही थट्टा झाबवाला यांनी पटकथाकार म्हणून जम बसण्याच्या आधीच करून ठेवली होती.

'हीट अँड डस्ट' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी. १९२३ साली सतीपूरच्या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी ऑलिव्हिया शेजारच्या संस्थानातल्या नवाबाबरोबर निघून जाते. पन्नास वर्षांनी त्या अधिकाऱ्याच्या दुसऱ्या पत्नीची नात ऑलिव्हियाची पत्रे घेऊन भारतात येते आणि स्वतःची रोजनिशी लिहीत लिहीत जवळजवळ तेच आयुष्य जगू लागते. दोन काळ एकमेकांत कापून बसवलेले आहेत. ऑलिव्हियाच्या बंगल्यात आता पाणीपुरवठा आणि आरोग्य खात्यांची कचेरी आहे, टपाल कार्यालय आहे. एका परिच्छेदात पियानो असलेला दिवाणखाना, पुढच्यात फायलींचे ढीग. ही रचना पटकथा लिहिणाऱ्या हाताची आहे, असे आम्हांला वाटते. झाबवाला यांनी चित्रपटांना कादंबरीकाराचे कान दिले असे म्हणतात. पण उलट दिशेनेही देवघेव झाली होती.

भारतात या कादंबरीचे स्वागत थंड झाले. निसीम इझिकेल यांनी तर तिच्यावर अत्यंत कठोर टीका केली. इझिकेल मुंबईचे, मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायली समाजातले. इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी भाषांतरात त्यांचा हात होता. युरोपातून जीव वाचवून आलेल्या ज्यू लेखिकेला, शतकानुशतके कोकणात नांदलेल्या ज्यू समाजातल्या कवीने परकी ठरवावे, यात विचार करण्याजोगे काही आहे. इझिकेल यांचा आक्षेप आम्हांला सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. झाबवाला यांच्या नंतरच्या भारतीय पात्रांत एक प्रकारचा साचेबंदपणा येऊ लागला होता, आणि त्यांनी स्वतःही ते लपवले नाही. 'मायसेल्फ इन इंडिया' या निबंधात त्यांनी आपल्या मनाचे चक्र मांडले आहे : आधी भारतावर लोभ, मग कंटाळा, मग तिटकारा, आणि पुन्हा लोभ. खिडक्या लावून, पडदे ओढून, वातानुकूलित खोलीत पुस्तके वाचत बसलेल्या बाईचे ते चित्र आहे. गरिबीकडे पाहवत नाही आणि दुर्लक्षही करवत नाही, अशा कोंडीतून बाहेर पडण्यासाठी त्या १९७५ साली न्यूयॉर्कला गेल्या.

१९८३ साली 'हीट अँड डस्ट'चा चित्रपट आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या कादंबरीशी जो व्यवहार केला तो पाहण्यासारखा आहे. निनावी निवेदिकेला अ‍ॅन हे नाव मिळाले. ती ऑलिव्हियाच्या बहिणीची नात झाली. रोजनिशीचा थंड, स्वतःला झाकणारा सूर गेला. स्वतःच्या पुस्तकाविषयी असलेली माया कुठे आडवी आलेली दिसत नाही. जणू ते दुसऱ्या कोणाचे पुस्तक होते. पटकथेला ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. कादंबरीचा बोचरेपणा मात्र चित्रपटात उतरला नाही. इतका सुंदर उजेड आणि शशी कपूर असताना तिटकारा कसा उतरावा?

हेन्री जेम्सच्या तीन कादंबऱ्यांवर त्यांनी काम केले : 'द युरोपियन्स' (१९७९), 'द बॉस्टोनियन्स' (१९८४) आणि 'द गोल्डन बोल' (२०००). यांपैकी 'द बॉस्टोनियन्स'चा शेवट आम्हांला खटकतो. जेम्सच्या कादंबरीत ऑलिव्ह चॅन्सलर संतप्त श्रोत्यांना सामोरी जाते, सभागृहात शांतता पसरते, आणि लेखक तिला तिथेच सोडून व्हेरेनाच्या आसवांबरोबर बाहेर पडतो. ती पुढे काय बोलली, बोलू शकली का, हे जेम्स सांगत नाही. चित्रपटात ऑलिव्ह भाषण करते. व्हेनेसा रेडग्रेव्ह ते उत्तम करतात, पण एका पराभवाला विजयाची किनार लावली गेली. याच सुमारास पुढे मोठे नाव मिळवून देणारी वाट त्यांना फॉर्स्टरमध्ये सापडली. 'अ रूम विथ अ व्ह्यू' (१९८५) हे हलकेफुलके, उन्हातले काम. कादंबरीतील प्रकरणांची मिश्किल शीर्षके पडद्यावर पाट्या म्हणून आली आणि निवेदकाचा खट्याळपणा तेवढ्याने राखला गेला. पहिले ऑस्कर त्याचे. फॉर्स्टरच्याच 'मॉरिस'ची पटकथा त्यांनी लिहिली नाही; ती आयव्हरी यांनी किट हेस्केथ-हार्वी यांच्यासह लिहिली.

'हॉवर्ड्स एंड' (१९९२) हे मात्र खरे अवघड पुस्तक. फॉर्स्टरचा निवेदक येथे गप्प बसत नाही. तो लंडनवर बोलतो, पैशावर बोलतो, गरिबांविषयी आपण बोलणार नाही हेही बोलून दाखवतो. हा आवाज काढून घेतला तर कथानक उरते, आणि कथानक योगायोगांवर उभे आहे. कादंबरी उघडते ती हेलनने बहिणीला लिहिलेल्या पत्रांनी. पहिल्याच पत्रात ओझरते वर्णन येते : घराची मालकीण मिसेस विल्कॉक्स लांब झग्याने ओले गवत ओढीत बागेतून फिरते आहे, हातात वाळके गवत आहे. पटकथेने पत्रे बाजूला सारली आणि हे ओझरते वर्णन चित्रपटाच्या आरंभी आणून ठेवले. संध्याकाळचा अंधूक प्रकाश, गवतातून सरकणारा झगा, बाहेरून खिडकीतून आत दिसणारी घरची माणसे. संवाद नाही. हे घर कोणाचे, हा कादंबरीचा प्रश्न दोनशे पाने वाचून जिथे पोहोचतो तिथे आपण पहिल्या दोन मिनिटांत बसवले जातो. वाचन म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे. कोणत्या चार ओळींत पुस्तक दडले आहे हे ओळखणे, हे समीक्षकाचे काम पटकथाकाराने केले आहे.

दुसरे उदाहरण बीथोव्हेनचे. पाचवी सिंफनी ऐकताना हेलनच्या मनात भुतावळ चालू लागते. विश्वाच्या पोकळपणाची जाणीव करून देणारी ही भुते कादंबरीतल्या गाजलेल्या पानांवर आहेत. मनातले हे सारे पडद्यावर कसे आणायचे? झाबवाला यांनी मैफलीचे व्याख्यान केले. 'संगीत आणि अर्थ' या विषयावर एक गृहस्थ श्रोत्यांना पियानोच्या साथीने ती भुते समजावून सांगताहेत. हेलनची भीती व्याख्यात्याच्या तोंडी गेली आणि विनोदी झाली. येथे हानी झाली हे मान्य करावे लागेल. हेलन पुढे जो अविचार करते त्याचे मूळ त्या भीतीत आहे. पण साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींनी तो प्रसंग जरा पुन्हा पाहावा. अनुभवाचे व्याख्यान कसे होते, याचे इतके नेमके चित्र क्वचित सापडेल. लिओनार्ड बास्टच्या बाबतीत मात्र पटकथा कादंबरीहून उदार आहे. फॉर्स्टरचा निवेदक या कारकुनाकडे जरा वरूनच पाहतो. लिओनार्ड रात्रभर रानातून चालला हे कादंबरीत त्याच्या अडखळत्या सांगण्यातून कळते. चित्रपटात आपण त्याच्याबरोबर निळ्या फुलांच्या रानातून चालतो. निवेदक गेल्यामुळे त्याची टोचणीही गेली. दुसरे ऑस्कर या पटकथेला मिळाले.

पुढच्याच वर्षी 'द रिमेन्स ऑफ द डे' आला. काझुओ इशिगुरो यांची ही १९८९ सालची कादंबरी संपूर्ण स्टीव्हन्स या बटलरच्या तोंडून येते. तो सांगतो ते आणि घडले ते यांत अंतर आहे, आणि कादंबरी त्या अंतरातच आहे. या कादंबरीची एक पटकथा आधी हॅरॉल्ड पिंटर यांनी लिहिली होती; पुढे प्रकल्प मर्चंट–आयव्हरींकडे आला, आणि पिंटर यांनी आपले नाव राहू दिले नाही. श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून एकट्या झाबवाला आहेत.

मिस केंटन बंद दाराआड रडते आहे आणि आपण दाराबाहेर उभे आहोत, अशी एक आठवण स्टीव्हन्सला छळते. आधी तो म्हणतो की तिची मावशी वारली त्या दिवशीची ती आठवण. पुष्कळ पानांनंतर त्याच्या लक्षात येते की ती दुसऱ्याच एका रात्रीची, तिने लग्नाला होकार दिल्याचे सांगितले त्या रात्रीची. आठवणीने घातलेला हा घोळ हेच त्याचे प्रेमपत्र. चित्रपटाला असा घोळ घालता येत नाही. प्रसंग एकदाच आणि जागच्या जागी घडतो. म्हणून पटकथेत स्टीव्हन्स दार उघडून आत जातो, रडणारी बाई पाहतो, आणि न्याहारीच्या खोलीबाहेरच्या कोनाड्यात धूळ साचल्याचे तिला सांगतो. कादंबरीतला माणूस स्वतःला फसवत होता. चित्रपटातला आपल्या डोळ्यांदेखत क्रूर होतो. दोन रकाने आखून हा फरक 'बदल' म्हणून नोंदवता येईल, पण बदल कशाचा, हे त्यातून कळणार नाही. निवेदन गेले की त्याच्या जागी कृती हवी, आणि ती तितकीच सोसायला कठीण हवी, हा झाबवाला यांचा हिशोब होता.

याच कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे. नात्सींविषयी सहानुभूती असलेले लॉर्ड डार्लिंग्टन घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाकण्याचा हुकूम देतात, आणि स्टीव्हन्स तो निमूटपणे पाळतो. इशिगुरो यांच्या कादंबरीत या मुली कित्येक वर्षे नोकरीत आहेत. त्यांची नावे रूथ आणि सेरा. चित्रपटात त्यांची नावे एल्सा आणि इर्मा झाली, आणि त्या जर्मनीतून नुकत्याच आलेल्या निर्वासित झाल्या. लॉर्डसाहेब त्यांच्याशी कौतुकाने दोनचार जर्मन शब्द बोलतात. नोकरी गेली तर त्यांना जर्मनीला परत पाठवले जाऊ शकते, हे मिस केंटन बोलून दाखवते. कादंबरीत अन्याय होता; पटकथेत त्या अन्यायापाठीमागे काय उभे आहे ते दिसू लागले.

१९३९ साली जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या रूथ नावाच्या मुलीने ही पटकथा लिहिली, हे आठवल्यावर प्रसंग वेगळा दिसतो. आपल्या जर्मनीतल्या बालपणाविषयी झाबवाला यांनी थेट असे जवळजवळ काही लिहिले नाही. लंडन–न्यूयॉर्कमधल्या ज्यू निर्वासितांच्या कथा त्यांनी लिहिल्या, पण शाळेतल्या त्या वर्षांना हात लावला नाही. १९७९ साली स्कॉटलंडमध्ये दिलेल्या 'डिसइन्हेरिटन्स' या व्याख्यानात त्यांनी सांगितले की आपल्या पायांखाली लेखकाला लागते तशी जमीन नाही. आपण एका देशातून दुसऱ्या देशात, एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत वाहत गेलेलो आहोत. अशा माणसाला दुसऱ्यांच्या घरांत वावरणे सोपे जात असावे. त्यांच्या भारतीय कादंबऱ्यांतील ज्या अलिप्तपणाला इझिकेल यांनी दोष दिला तोच अलिप्तपणा जेम्स, फॉर्स्टर आणि इशिगुरो यांच्या घरांत शिरल्यावर गुण ठरला. मालकीहक्क सांगायचा नव्हता. वस्तू कुठे ठेवल्या आहेत ते पाहायचे होते. आणि एवढे पाहून झाल्यावर, एका नावाचा तेवढा बदल. पटकथेतून 'रूथ' हे नाव निघून गेले आणि रूथची गोष्ट मात्र आत आली.

पुढची कामे यापुढे फिकी आहेत. जेफरसनवरचा आणि पिकासोवरचा चित्रपट आम्हांला पुन्हा पाहावेसे वाटले नाहीत. त्याआधीचा 'मिस्टर अँड मिसेस ब्रिज' (१९९०) मात्र आवर्जून पाहावा. इव्हान कॉनेल यांच्या दोन कादंबऱ्या, एक पत्नीची आणि एक पतीची, त्यांनी एका पटकथेत आणल्या, आणि 'सिंहासन'च्या अभ्यासकांना तेथे तुलनेला पुष्कळ सापडेल. २००५ साली मर्चंट वारले. झाबवाला यांची शेवटची पटकथा पीटर कॅमेरॉन यांच्या 'द सिटी ऑफ युअर फायनल डेस्टिनेशन' या कादंबरीवरची. चित्रपट २००९ सालचा. जर्मनीतून उरुग्वेला येऊन राहिलेल्या घराण्यातला एक लेखक मरण पावला आहे. त्याचे चरित्र लिहू पाहणारा साहित्याचा एक तरुण अभ्यासक त्या दूरच्या घरी न बोलावता येऊन थडकतो आणि वारसांकडे परवानगी मागतो. १९६३ पासून हेच करीत आलेल्या लेखिकेने तो तरुण कसा रंगवला आहे हे अवश्य पाहावे : जरा वेंधळा, पाहुणचाराने ओशाळलेला, आणि घरातला प्रत्येक जण काय लपवतो आहे ते न विचारता हळूहळू उमजत जाणारा. त्यानंतर त्या कथाच लिहीत राहिल्या. 'द न्यूयॉर्कर'मध्ये त्यांची शेवटची कथा मार्च २०१३ मध्ये छापून आली आणि ३ एप्रिलला त्या न्यूयॉर्कमध्ये वारल्या.